न लिहिलेले स्वर

अल ऐनच्या सनैयात, टायरवाल्याला लागून
आमचं टायपिंग सेंटर.
दिवसभर मी माणसांची नावं
एका लिपीतून दुसऱ्या लिपीत गाळतो.
अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत.
वाचणाऱ्याला ते ठाऊक असतात,
असं धरून चालतात.

रात्री खोलीवर, वरच्या बंकवर,
मुनाफच्या बिजागरी मोडलेल्या लॅपटॉपवर तो खेळ :
एका नसलेल्या देशाची चौकी, मी तिथला कारकून.
काचेमागे चेहरा येतो, फळीवर कागद पडतो,
हिरवा शिक्का किंवा तांबडा.
रोज सकाळी नियमांचं एक नवं पान
आणि संध्याकाळी माणशी चार नाणी :
घरी पाणी घ्यायचं की दिव्याला तेल,
दोन्ही कधीच पुरत नाही.

पाचव्या दिवशी एक सुईण आली.
परवाना कालच संपलेला.
मी तांबडा मारला.
पडद्यावर उमटलं : योग्य.

चौदाव्या दिवशी माझी तिथली बायको अडली
आणि गावात कुणी नव्हतं.

खेळ असं कधीच म्हणत नाही
की हे त्यामुळे झालं.
मीच पुन्हा पहिल्या दिवसापासून खेळलो, पुन्हा, मग पुन्हा,
आणि पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने लिहीत गेलो :
सुईण – चौदा.
काखेत कोंबडा धरलेला मुलगा – नऊ, पण तेल वाचवलं तरच.
खोटं हसणारा व्यापारी – काही नाही.
(काही नाही? अजून कळलेलं नाही.)

महिन्याभराने ध्यानात आलं,
शिक्क्यावर हात किती वेळ रेंगाळतो
हेही तो मोजत होता.
जास्त रेंगाळलं की दुसऱ्या दिवशी
माझ्याच खिडकीसमोर रांग लांबायची,
अधू कागदांची, फाटक्या फोटोंची.
बातमी फिरत असणार त्यांच्यात :
तिसऱ्या खिडकीतला विचार करतो.

मुनाफ खालून म्हणाला,
'झोप रे, चित्रातल्या माणसांना कसला न्याय?'

त्याला मी लियाकत हसवारेचं सांगितलेलं नाही.
मंडणगडचा. एसी दुरुस्तीवाला.
व्हिसा बदलायला बुरैमीला गेला होता,
इथून वीस मिनिटं, मधे कुंपण.
आडनावाच्या शेवटी ई हवा होता,
मी वाय मारला होता.
संध्याकाळी पावत्या लावताना दिसलं मला.
दुरुस्तीचे दीडशे दिरहॅम, माझ्या पगारातून.
एका अक्षराने काय होतंय, म्हटलं,
आणि फाइल मिटली.

तिकडच्या खिडकीतल्या माणसाने
नियमाप्रमाणेच केलं.
अकरा दिवस लियाकत बुरैमीच्या लॉजवर,
तोवर इकडे त्याच्या शिडीवर दुसरा चढलेला.
पुढचं मला माहीत नाही.
मला दंड झाला नाही. कुणी विचारलंही नाही.
खेळात निदान
पुन्हा पहिल्या दिवसावर जाता येतं.

आज सकाळी काउंटरवर एक बाई,
पासपोर्ट पुढे सरकवून घाईत.
मालक मागे चहा ढवळत होता.
मी टाइप करायच्या आधी थांबलो.
म्हटलं, 'बाई, तुमचं नाव एकदा
तोंडाने सांगा.'
ती गोंधळली. 'लिहिलंय की त्यात.'
'लिहिलंय. तरी सांगा.'

तिने सांगितलं, हळू,
एकेक स्वर जागच्या जागी ठेवत,
खूप दिवसांत कुणी विचारलं नसावं असं.

तिच्यामागे रांगेत कुजबुज झाली.
वैताग होता की बातमी,
मला ओळखता आलं नाही.